रोममधील एक धाव

धर्मगुरूने धावावे की धावू नये, याविषयी ख्रिस्तसभेच्या कायद्यात काही लिहिलेले आमच्या वाचनात नाही. तथापि धर्मग्रामातल्या फादरने धावू नये, असा एक अलिखित नियम आहे, आणि तो मोडण्याचे धैर्य पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांस झाले नाही. एकदाच काय ते, सकाळची मिस्सा आटोपल्यावर पावसाची मोठी सर आली म्हणून चर्चपासून निवासापर्यंत झगा सावरीत आम्ही धावलो. तेवढ्यात फाटकातून दोन बायका घाबऱ्याघुबऱ्या आत आल्या आणि विचारू लागल्या, "फादर, कोण अत्यवस्थ आहे?" फादर धावतात ते केवळ मरणासन्न माणसाकडे, अशी श्रद्धाळू जनांची समजूत. त्या समजुतीला तडा जाऊ नये म्हणून पुढे आम्ही पावसात भिजणे पत्करले, पण धावलो नाही.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत आमच्या रक्तातील साखर वाढल्याचे आढळले. डॉक्टर आमच्याच धर्मग्रामातले. ते म्हणाले, "फादर, लग्नाच्या जेवणांना जा, पण गोडाच्या वाटीला हात लावू नका. रोज घाम येईपर्यंत चाला; जमल्यास थोडे धावा." भाच्याने तत्परतेने धावण्याचे बूट आणून दिले. निळे बूट, पिवळ्या नाड्या! आमच्या स्वयंपाकीणबाईंनी "हे कोणाचे?" असे विचारताच "भाचा विसरून गेला असावा" असे उत्तर आम्ही देऊन बसलो. या असत्याची कबुली योग्य ठिकाणी दिलेली आहे; परंतु बूट कपाटातच राहिले.

ते बाहेर निघाले २०२५ सालच्या जून महिन्यात, थेट रोममध्ये. ते वर्ष पवित्र वर्ष होते. धर्मगुरूंच्या ज्युबिलीनिमित्त जगभरातून धर्मगुरू रोमला जमले होते आणि आमचाही नंबर त्यांत लागला होता. वाटिकनच्या तटबंदीच्या मागे सिस्टरांच्या एका अतिथिगृहात आमचा मुक्काम होता. पहिल्याच पहाटे जाग आली. साडेपाच वाजता लख्ख उजाडले होते. खिडकीखालचा रस्ता मोकळा होता आणि त्यावर आम्हांला ओळखणारे एकही माणूस नव्हते. आम्ही बूट चढविले, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि सदरा घातला, खोलीची किल्ली दाराशी ठेवली आणि सेमिनरी सोडल्यानंतर प्रथमच, कोणी मरत नसताना, धावलो.

त्या पहाटेचा आनंद शब्दांत कसा सांगावा? लहानपणी भात कापून झालेल्या शेतात धावताना जो आनंद होई, त्याच जातीचा तो होता. धाप लागे, थांबावे लागे, थोडे चालून पुन्हा धावावे लागे. पण कोणी "काय झाले, फादर?" असे विचारीत नव्हते. ओळख नसण्यातही एक सुख असते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. त्याला दुसरी बाजूही असते, हे कळण्यास आणखी चार दिवस जावे लागले.

रोजचा मार्ग ठरून गेला. संत पेत्राच्या चौकातून, बेर्निनीच्या २८४ खांबांच्या कवेतून बाहेर पडावे आणि समोरच्या रुंद रस्त्याने नदीकडे निघावे. १९२९ च्या लॅटरन करारानंतर इटली आणि पोप महाशय यांच्यातील दिलजमाईची खूण म्हणून तो रस्ता काढण्यात आला. त्यापायी जुनी वस्ती पाडली गेली आणि रस्ता पुरा होण्यास १९५० चे पवित्र वर्ष उजाडले. पुढे टायबर नदी आणि सम्राट हेड्रियनने बांधविलेला पूल. पुलाच्या कठड्यांवर दहा देवदूत उभे आहेत आणि प्रत्येकाच्या हाती प्रभूच्या दुःखसहनाचे एकेक साधन आहे: खांब, चाबूक, काट्यांचा मुकुट, खिळे, भाला. या दहांच्या मधून घामाघूम होऊन धावताना क्रुसाची वाट चालल्यासारखे वाटते.

जुन्या रोममधील गल्ल्यांतून काळ्या दगडाचे लहान लहान चौकोनी तुकडे बसविलेले आहेत. संत पेत्राच्या नावावरून त्यांना 'सानपिएत्रीनी' म्हणतात. संत पेत्र हा खडक खरा, पण धावणाऱ्याच्या घोट्यांना तो फारसा दयाळू नाही. उलट जागोजागी असलेले नळ मात्र मोठे परोपकारी. १८७४ पासून रोमच्या नगरपालिकेने बसविलेल्या या बिडाच्या खांबांना वाकड्या नाकासारखी तोटी असते, म्हणून लोक त्यांना 'नासोनी', म्हणजे मोठ्या नाकाचे, असे म्हणतात. गार पाणी अखंड वाहत असते. तोटीच्या तोंडावर बोट दाबले की वरच्या बारीक छिद्रातून कारंजे उडते आणि ओणवे न होता पिता येते. टँकरच्या शिटीकडे कान लावून बसणाऱ्या आमच्या वसई तालुक्यातील माताभगिनींना हे दृश्य दाखवावे, असे फार वाटले.

नदी ओलांडून आम्ही नावोना चौकात जात असू. चौक म्हणायचा, पण तो लांबट असून एका टोकाला गोल आहे. त्याचे कारण असे की सम्राट डोमिशियनने सुमारे इ. स. ८६ मध्ये बांधलेले धावण्याच्या शर्यतींचे क्रीडांगण त्याच्या पोटात आहे. प्रेक्षकांच्या ओट्यांच्या जागी आज घरे उभी आहेत आणि धावपटूंच्या जागी पर्यटक हिंडतात. परंपरेनुसार संत आग्नेस ही कोवळ्या वयाची मुलगी येथेच हुतात्मा झाली. तिच्या नावाचे चर्च चौकात आहे. चर्चसमोर बेर्निनीने १६५१ मध्ये पुरे केलेले चार नद्यांचे कारंजे आहे. चार खंडांच्या चार नद्या, त्यांत आशियाची म्हणून आपली गंगा! पण ती गंगामाई नव्हे. दाढीवाला पुरुष हाती लांब वल्हे घेऊन बसला आहे. परक्या मुलुखात ओळखीचे नाव भेटावे आणि रूप मात्र अनोळखी असावे, तसे झाले. आम्ही रोज त्या गंगाबाबास नमस्कार करून चौकाला दोन फेऱ्या घालीत असू.

संत पौलाने हे क्रीडांगण पाहिले नाही. ते बांधले जाण्यापूर्वीच रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला होता. परंतु धावण्याची उपमा त्याच्या पत्रांत वारंवार येते. तो करिंथमध्ये राहिला होता आणि त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. धावपटू पाल्याच्या, लवकरच कोमेजणाऱ्या मुकुटासाठी किती कष्ट उपसतात, हे त्याने करिंथकरांना सुनावले, आणि आयुष्याच्या अखेरीस आपली धाव पूर्ण झाल्याचे तिमथीला कळविले. या उताऱ्यांवर आम्ही कैक प्रवचने दिली असतील. मात्र धाप लागलेल्या अवस्थेत त्यांचे चिंतन प्रथमच घडत होते, आणि प्रवचने देणे हे धावण्यापेक्षा पुष्कळच सोपे, असे आमचे मत बनत चालले होते.

रोम आणि धावणे म्हटले की आमच्या पिढीला आणखी दोन नावे आठवतात. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये याच शहरात मिल्खासिंग ४०० मीटर धावले आणि चौथे आले. त्यांची ४५.७३ सेकंदांची वेळ पुढे ३८ वर्षे भारतीय विक्रम म्हणून टिकून राहिली. फाळणीत आईबाप गमावून दिल्लीच्या निर्वासितांत येऊन पडलेला तो मुलगा. त्याच स्पर्धेत आबेबे बिकिला नावाचा, तोवर कोणी नाव न ऐकलेला इथिओपियाचा सैनिक मॅरेथॉन जिंकला, तोही अनवाणी. १९३५ मध्ये इटलीच्या फौजा त्याच्या देशावर चालून गेल्या होत्या. पंचवीस वर्षांनी त्याच इटलीच्या राजधानीत, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी, रात्रीच्या वेळी त्याने शर्यत संपविली. आमच्या धर्मग्रामातही अनवाणी धावणारा एक मुलगा होता. त्याची हकिगत पुढे येईल.

परतीच्या आदल्या दिवशी ती कमान पाहून यावी असे मनात आले. नेहमीपेक्षा लांबचा पल्ला होता. पण चार दिवसांच्या धावण्याने आमच्या अंगात थोडा गर्व शिरला होता. मोबाईल खोलीवर चार्जिंगला लावून ठेवला, पाकीट आणि पासपोर्ट सांभाळून कपाटात ठेवले. कमानीपर्यंत ठीक पोचलो. तेथून पुढे झाडीच्या रस्त्याने गेले की उजव्या हाताला रथांच्या शर्यतीचे जुने मैदान आणि पलीकडे नदी. नदी धरली की घर. एवढे सोपे गणित. पण रस्त्याच्या शेवटी कोणत्या विचारात होतो न कळे, आम्ही डावीकडे वळलो. काराकाल्लाच्या स्नानगृहांचे प्रचंड भग्न अवशेष लागले तेव्हाच परतायचे. तर "पुढे नदी असेलच" असे म्हणत आणखी पुढे गेलो. मग तट, मग मोठमोठे रस्ते, मग पाच-सहा मजली पिवळट इमारतींची वस्ती. नदीचा पत्ता नव्हता.

ऊन तापू लागले. सदरा अंगाला चिकटला. आम्ही एका बाईंना वाट विचारण्यासाठी पुढे झालो, तर त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. त्यांचा दोष नव्हता. दाढी न केलेला, घामाने निथळणारा, सावळा, अर्ध्या चड्डीतला एक परका पुरुष त्यांना दिसला. "अहो, आम्ही फादर आहोत" हे आमच्या कपाळावर लिहिलेले नव्हते. तीस वर्षे ते आमच्या झग्यावर लिहिलेले होते, हे त्या क्षणी ध्यानात आले.

एवढ्यात घंटा ऐकू आली. गल्लीच्या टोकाला चर्च होते आणि आत मिस्सा सुरू होण्याच्या बेतात होती. आम्हांला हायसे वाटले. येथे तरी आपण घरी आहोत! पायऱ्या चढलो. दारात एक वयस्क सेवक उभे होते. त्यांनी आमच्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिले, भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखविले आणि तळहात हलवून बाहेर जाण्याची खूण केली. आम्ही इंग्रजीत काही बोलू गेलो. त्यांनी तीच खूण पुन्हा केली. रागाने नव्हे; माशी हाकलावी तशी.

पाटी रास्त होती. तशीच पाटी आम्ही आमच्या चर्चच्या दारातही लावलेली आहे. पण ती हाताची खूण आमच्या काळजात रुतली. कारण ती आम्ही ओळखली. ती आमचीच होती.

आमच्या चर्चमागे मोठे मैदान आहे. जवळच्या आदिवासी पाड्यावरची सहा-सात मुले पहाटे पाच वाजता तेथे धावण्यास येत. पोलीस भरतीत १६०० मीटर धावावे लागते, त्याची त्यांची तयारी चाले. एकाच्या पायांत बूट नव्हते. तो सर्वांत पुढे असे. मग तक्रारी येऊ लागल्या. मुले उघड्या अंगाने धावतात, मारिया मातेच्या ग्रोटोसमोर ते बरे दिसत नाही. पहाटेच्या मिस्साला येणाऱ्या बायकांना संकोच वाटतो. आवारातील पंपाची मोटार चोरीस गेली, ती कोणी नेली असेल? पुरावा काहीच नव्हता. पॅरिश कौन्सिलने ठराव केला की सहापूर्वी फाटक उघडू नये. त्यावर सही आमची. दुसऱ्या पहाटे तो अनवाणी मुलगा फाटकाच्या गजांपलीकडून म्हणाला, "फादर, आम्ही आवाज नाही करणार. बनियन पण घालू." आम्ही म्हणालो, "बाळा, नियम सगळ्यांना सारखा." आणि तळहात हलवून त्यांना जाण्याची खूण केली. त्यानंतर ती मुले पाण्याचे टँकर जातात त्या रस्त्याच्या कडेने, अंधारात धावू लागली. हे आम्हांला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि टोचणे यांत अंतर असते.

आम्ही चर्चच्या पायरीवर बसू लागलो, मग तेही बरे दिसणार नाही म्हणून उठलो. कोपऱ्यावर एक माणूस फळांच्या पेट्या मांडीत होता. आमच्याकडे पाहून त्याने हिंदीत विचारले, "इंडिया?" आम्ही मान हलविली. "बैठो भाई," असे म्हणून त्याने एक पेटी पालथी घातली आणि पाण्याची बाटली पुढे केली. तो बांगलादेशचा होता. "कौन से होटल में काम करते हो?" त्याने विचारले. रोममध्ये आपल्या वर्णाचा माणूस सकाळच्या वेळी असा दमलेला दिसला, तर तो कोठल्यातरी मुदपाकखान्यातून सुटलेला असणार, हे त्याचे साधे अनुमान. आम्ही वाटिकनच्या बाजूला राहतो, रस्ता चुकलो आणि जवळ पैसे नाहीत, एवढेच सांगितले. फादर असल्याचे सांगितले नाही. का, ते नीट सांगता येत नाही; कदाचित फादर नसतानाही कोणी पाणी देते काय, हे पाहावेसे वाटले असेल.

त्याने गल्ल्यातून दीड युरो काढून आमच्या हातावर ठेवले, मेट्रोच्या तिकिटाचे. दुकान शेजाऱ्याला पाहावयास सांगून तो आमच्याबरोबर 'रे दी रोमा' स्थानकाच्या जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "दसवां स्टेशन, ओत्ताव्यानो. सोना मत." पैसे परत करण्याचा विषय आम्ही काढला, तर तो हसून निघूनही गेला.

गाडीत बसल्यावर आम्ही हिशोब केला. त्या आठवड्यात आम्ही रोमच्या चारही महामंदिरांतील पवित्र द्वारे ओलांडली होती: संत पेत्र, संत योहान लॅटरन, मारिया माजोरे आणि तटाबाहेरील संत पौल. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला संत पेत्राच्या मंदिराचे द्वार उघडले आणि दोनच दिवसांनी रेबिब्बिया तुरुंगातही एक पवित्र द्वार उघडले, हे आम्ही आमच्या लोकांना मोठ्या भक्तिभावाने सांगितले होते. दार उघडण्याचे पवित्र वर्ष! आणि आमच्या फाटकाला मात्र आठ महिने कुलूप होते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप आठवला. त्या काळच्या प्रतिष्ठित वृद्धाने धावणे म्हणजे अब्रू सोडणेच होते. तरी तो धावला, आणि चिंध्यांतला पोरगा अंघोळ करून येईपर्यंत थांबला नाही.

त्याच सायंकाळी आम्ही पांढरा झगा घालून, पाकीट घेऊन पुन्हा मेट्रोने गेलो. सकाळची गल्ली काही केल्या सापडेना. प्रत्येक कोपऱ्यावर फळांचे दुकान होते आणि प्रत्येक दुकानात आपल्याकडचाच चेहरा. तिघा-चौघांना विचारले. "नाम क्या है उसका?" असे ते विचारीत. आम्ही त्याचे नाव विचारलेच नव्हते. ज्याने आमची ओळख न विचारता मदत केली, त्याची ओळख विचारण्याचे आम्हांलाही सुचले नाही. पण त्याचे न विचारणे आणि आमचे न विचारणे एकाच मोलाचे नव्हते. दीड युरोचे ते कर्ज अजून डोक्यावर आहे.

गावी परतल्यावर कौन्सिलची सभा बोलाविली. घडले ते सांगितले. सर्वांना पटले असे नाही. एका सभासदांनी मोटारीचा विषय पुन्हा काढला, आणि त्यांची चिंता खोटी होती असेही आम्ही म्हणत नाही. अखेर मुलांनी पूर्ण कपड्यांत धावावे आणि पहाटे कोणीतरी मैदानात हजर असावे, या अटींवर फाटक पाचला उघडण्याचे ठरले. हजर कोण राहणार? सर्वांनी आमच्याकडे पाहिले.

तेव्हापासून आम्ही निळे बूट घालून मैदानात असतो. पावसाळ्यात चिखल होई. आता जमीन टणक आहे. मुले आमच्याभोवती दोन-तीन फेऱ्या जास्त घालतात आणि शेजारून जाताना "चला फादर" म्हणतात. सुरुवातीला चर्चला येणाऱ्या बायका थबकत. आता कोण अत्यवस्थ आहे, असे कोणी विचारीत नाही.

तो अनवाणी मुलगा मात्र आला नाही. त्याच्या मित्रांना विचारले, तेव्हा समजले की मधल्या काळात त्याची वयोमर्यादा उलटली आणि तो भिवंडीकडे एका गोदामात कामाला लागला. फाटक उघडे असते तर तो भरती झाला असता काय? कोण सांगणार? परमेश्वराने आम्हांला या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही आणि तो प्रश्न मिटविलेलाही नाही.

मित्रांकडून आम्ही त्याचे नाव विचारून घेतले. ते येथे छापण्याचे कारण नाही. सकाळच्या मिस्साबलीत, जिवंतांच्या स्मरणाच्या वेळी, आम्ही ते मनात घेतो, आणि त्याच्यामागोमाग एक नाव नसलेला माणूसही येऊन उभा राहतो, हातात पाण्याची बाटली घेऊन.